मंजूला विचारलं का?

जुईनगर,
१५ जून २०२५

ती. सरस्वती आत्यास,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या कुरडया पोचल्या आणि संपल्यासुद्धा. अर्ध्याहून जास्त संघप्रियाने खाल्ल्या. ती माझी रूममेट, आमच्याच हॉस्पिटलात नर्स आहे. तिने तुला थँक्यू सांगितलंय. फोनवर तुला ऐकू येत नाही, कानातलं यंत्र तू डब्यात ठेवतेस, आणि मेसेजमधलं माझं शुद्धलेखन तुला बघवत नाही. त्यामुळे अख्ख्या जुईनगरात पोस्टाच्या पेटीत पत्र टाकणारी मी एकटीच असेन.

आता कामाचं. आयर्लंडच्या हॉस्पिटलने मला निवडलंय हे तुला माहीत आहेच. नर्सिंगची इंग्रजी परीक्षा पास झाले की जानेवारीत जायचं. परीक्षा सप्टेंबरमध्ये. बाकी सगळं जमतं, पण भविष्यकाळात मी अडकते. विल कधी, शॅल कधी, गोइंग टू कधी? क्लासचे सर म्हणतात, टेन्शन घेऊ नका, सगळीकडे विल टाका, चालतं. मला ते पटत नाही. तू चौतीस वर्षं हायस्कूलच्या पोरींना हेच शिकवलंस, म्हणून सोबत वही पाठवतेय. भविष्यातल्या गोष्टींवर वीस वाक्यं लिहिलीत. तपासून दे.

घरी तसं ठीक. दादाचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार चालू आहे. त्या दिवशी तो कळंबोलीच्या ट्रकच्या यार्डातल्या ऑफिसला जात नाही, बाकीचे दिवस जातो. आईला शुगर, आप्पांचं हृदय, सुनयना वहिनीचा रक्तगट वेगळा. माझी किडनी जुळली, हे तुला आप्पांनी कळवलंच असेल. ऑगस्टच्या शेवटी ऑपरेशन धरलंय. म्हणजे परीक्षा पुढे जाईल, आयर्लंडही बहुतेक जाईल. असो. तयारी मात्र सोडत नाही.

तब्येत सांभाळ. माया आहे तेवढीच राहू दे, लाल शाई थोडी कमी कर.

तुझी,
मंजू


कोरेगाव,
२२ जून २०२५

चि. मंजुषास,
अनेक आशीर्वाद.

वही मिळाली. वीसपैकी अकरा बरोबर. तुझ्या त्या सरांना इथे बोलावून पाचवीच्या बाकावर बसवावंसं वाटलं.

नीट वाच. इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचं स्वतःचं रूपच नाही. आपण 'जाईन' म्हणतो, एका शब्दात काम होतं. त्यांना शेजारून शब्द मागून आणावा लागतो. 'विल'चा जुना अर्थ इच्छा असणं आणि 'शॅल'चा जुना अर्थ बांधील असणं. हे शब्द काळ सांगायला लागले, पण जुना अर्थ अजून अंगातून गेलेला नाही. दाराची बेल वाजली आणि तू उठत म्हणालीस की मी बघते, तर तिथे 'आय विल', कारण ते त्याच क्षणी स्वतःहून ठरलं. आधीच ठरलेलं असेल, किंवा समोर चिन्हं दिसत असतील, तर 'गोइंग टू'. बाराव्या वाक्यात तू 'आय ॲम गोइंग टू वर्क इन आयर्लंड' लिहिलंस, ते चोख आहे. डायरीत तारीख पडलेली असेल तर नुसतं 'आय ॲम मीटिंग द डॉक्टर ऑन मंडे'. आणि 'वोन्ट' म्हणजे नुसतं 'होणार नाही' असं नव्हे. 'ही वोन्ट ईट' म्हणजे तो खायला तयार नाही. किल्ली फिरत नसेल तरी ते 'द की वोन्ट टर्न' म्हणतात, जणू किल्लीलाही मर्जी आहे.

आता एकोणिसावं वाक्य. 'इफ आय विल गिव्ह माय किडनी, माय ब्रदर विल लिव्ह.' 'इफ'च्या भागात 'विल' घालायचं नसतं, आठवीच्या पोरी हमखास इथे चुकतात. मी सवयीने रेघ मारली. मग पेन खाली ठेवलं. कारण एका अर्थाने ते वाक्य बरोबर असू शकतं. 'इफ'बरोबर 'विल' आलं तर ते काळ सांगत नाही, राजीखुशी सांगतं. म्हणजे 'माझी तयारी असेल तर'. तू चुकलीस, की तुला हेच म्हणायचं होतं, ते मला वहीवरून कळेना.

म्हणून सरळ विचारते. किडनी देशील का असं तुला कुणी विचारलं का? विचारलं असेल तर तू काय म्हणालीस?

उत्तराची वाट बघते. जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी,
सरस्वती आत्या


जुईनगर,
३० जून २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आठवडाभर युनिफॉर्मच्या खिशात घडी करून होतं. आधी ठरवलं की फक्त व्याकरणाचं उत्तर द्यायचं. पण तू दुसऱ्या पत्रात परत विचारशील, मला माहीत आहे.

तर, नाही. कुणी विचारलं नाही. मे महिन्यात दादाच्या तेजसचा सातवा वाढदिवस होता, त्याच दिवशी सकाळी माझा रिपोर्ट आला. संध्याकाळी कळंबोलीच्या घरात मामा, मामी, शेजारचे, दादाच्या ऑफिसातले, सगळे जमलेले. आई सगळ्यांना सांगत होती की मंजूची जुळली, आता काळजी नाही, मंजूच देणार आहे. सगळे माझ्याकडे वळले. मामीने डोळे पुसत माझ्या तोंडात केक घातला. मी तो गिळला. तोच माझा होकार. त्यानंतर फॉर्म आले, मी सह्या केल्या.

मला ऑपरेशनची भीती नाही, आत्या. मी असे पेशंट रोज बघते. आयर्लंडचंही मोठं दुःख नाही, उशिरा का होईना ते होईल. दुसरं एक आहे, ते तुला माहीत नाही, कारण आमच्या घरात त्यावर कुणी बोलत नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिपेश नावाचा मुलगा होता. जुईनगर गावातलाच, आगरी. आम्ही लग्न करणार होतो. मी आईला सांगायच्या आधीच दादाला कळलं. तो यार्डातले दोघे घेऊन दिपेशच्या घरी गेला आणि त्याच्या वडिलांसमोर, गोटीरामकाकांसमोर, त्याच्या मुस्कटात मारली. जातीवरूनही बोलला. मी तिथे दारातच उभी होते. दिपेशने नोकरी सोडली, पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. मी नाइट ड्युटीचं कारण सांगून इथे खोली घेतली. तेव्हापासून दादाशी मी कामापुरतं बोलते, आणि कुणालाही त्यात काही वेगळं वाटत नाही.

आणि याच दादाने आप्पांची पाठ गेल्यावर कॉलेज सोडून यार्डात नोकरी धरली, म्हणून मी नर्स झाले. सुयांनी फुगलेली त्याच्या हाताची शीर बघितली की माझा राग जागच्या जागी थांबतो. मग घरी येते, आणि राग परत येतो. द्यायची नाही असं नाही. द्यायची आहे असंही म्हणता येत नाही. परवा संघप्रियाने ड्युटी चार्ट भरताना सहज विचारलं की ऑगस्टमध्ये रजा घेणारेस ना, तर माझ्या तोंडून हो निघायला इतका वेळ लागला की ती लिहायची थांबली.

हे तुझ्याजवळच ठेव. कुणाला कळवू नकोस.

तुझ्या मायेवर भरवसा ठेवून,
मंजू


कोरेगाव,
७ जुलै २०२५

चि. मंजुषास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दिपेशचं वाचून तुझ्या दादाचा, उदयचा राग आला. त्याला अंगाखांद्यावर वाढवलंय मी, त्यामुळे लाजही वाटली.

तुला एक सांगते, ते तुझ्या आप्पांनाही आठवत नसेल. मी एम. ए. झाले त्या वर्षी कोल्हापूरच्या कॉलेजात जागा निघाली होती. आमच्या मुख्याध्यापिका मला घेऊन जायला घरी आल्या. मी आत कणीक मळत होते. आप्पाने दारातच त्यांना सांगितलं की सरस्वती येणार नाही, आईकडे बघायला कुणीतरी लागतं. बाई चहा न घेता गेल्या. मी हात धुतले आणि पोळ्या केल्या. तुझ्या आजीचं मी सोळा वर्षं केलं, त्याचा मला पश्चात्ताप नाही. विचारलं असतं तर बहुधा मी राहिलेच असते. पण ते खरंच तसं झालं असतं का, हे कळायला आता काही मार्ग उरला नाही. तेवढं मात्र टोचतं.

मी चौकशी केली. किडनी देणाऱ्याशी हॉस्पिटलात एकट्याने बोलतात. तिथे तू नाही म्हणालीस तर कारण कुणाला सांगत नाहीत. तू नर्स आहेस, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. काय करावंस हे मी सांगणार नाही. तुझ्या एकोणिसाव्या वाक्यावरची रेघ मात्र मी मागे घेते.

सावकाश विचार कर. तुझी आठवण सतत आहे.

सरस्वती आत्या


कोरेगाव,
८ जुलै २०२५

चि. उदयसिंह यास,
आशीर्वाद.

तुझ्या तब्येतीची काळजी वाटते. पाणी मोजून पितोस, पथ्य सांभाळतोस असं आप्पा म्हणाला, बरं वाटलं.

तुला एकच विचारायचं आहे. ऑगस्टमध्ये मंजू तुला किडनी देणार असं सगळे म्हणतात. तू तिला विचारलंस का? तुझ्या आईने नाही, डॉक्टरांनी नाही. तू, तुझ्या तोंडाने, देशील का असं विचारलंस का? नसशील तर विचार, आणि ती जे म्हणेल ते ऐकायची तयारी ठेवून विचार. तुझ्यासाठी हे ऐकणं किती अवघड आहे ते मला समजतं. तरीही लिहिते.

तेजसला पापा. तुझं शुभ चिंतणारी,
सरस्वती आत्या


जुईनगर,
१९ जुलै २०२५

आत्या,
नमस्कार.

कुणाला कळवू नकोस असं मी लिहिलं होतं. तू लगेच दादाला पत्र घातलंस.

पत्र सोमवारी आलं, वहिनीने फोडलं. तिने ते आईला वाचून दाखवलं आणि मग दादाला दिलं. आईने मला फोन करून विचारलं की असं मी आत्याला काय सांगितलं, आणि उत्तर न ऐकता रडायला लागली. आप्पा म्हणाले, सरस्वतीला पुस्तकं वाचून वाचून घर कसं चालतं ते कळेनासं झालंय. दादा मंगळवारी सकाळी डायलिसिसला म्हणून निघाला, तिकडे गेलाच नाही. फोन बंद. दिवसभर लोखंड बाजाराच्या यार्डात एका रिकाम्या ट्रेलरच्या केबिनमध्ये बसून होता. त्याच्या ऑफिसातल्या नंदकिशोरने संध्याकाळी त्याला शोधून काढलं. बुधवारी सकाळी त्याला श्वास घेता येईना. फुप्फुसात पाणी भरलं होतं. तीन दिवस आयसीयूत आहे. आज बरा आहे.

मी काचेतून बघत उभी होते तेव्हा वहिनी माझ्याजवळ येऊन म्हणाली की माझी जुळत असती तर मी दोन्ही काढून दिल्या असत्या, तुमच्या घरातल्यांना एवढा विचार कसा सुचतो. 

मी किडनी देतेय. तारीख २८ ऑगस्ट. विषय संपला. वही परत पाठवू नकोस, आणि काही दिवस पत्रही पाठवू नकोस.

मंजुषा


कोरेगाव,
२४ जुलै २०२५

चि. मंजुषास,

नको म्हणालीस तरी एवढं एकच कार्ड. तू विश्वासाने सांगितलेलं मी मोडलं. उदयला मी दिपेशबद्दल अवाक्षर लिहिलं नाही, पण त्याने माझी चूक लहान होत नाही. विचारावं असं दुसऱ्यांना सांगताना मी तुलाच विचारलं नाही. मला क्षमा कर. जमेल तेव्हा कर.

सरस्वती आत्या


कळंबोली,
६ ऑगस्ट २०२५

ती. सरस्वती आत्यास,
उदयसिंहचा दंडवत.

ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, बिल्ट्या सोडल्या तर वीस वर्षांत मी हातानं काही लिहिलेलं नाही. अक्षर लावून घे. तुझा तो विल न् शॅल मला दहावीत कधी समजला नाही, पण तुझं पत्र समजलं.

त्या मंगळवारी यार्डात जाऊन बसलो ते मरायला म्हणून नव्हे. आईला तसं वाटतंय, तिला सांग. मला ठरवायचं होतं, मंजीला विचारायचं का नाही. इतके दिवस विचारलं नाही, कारण नाही म्हणायला तिच्याकडं कारण आहे. ते मी केलंय. सहा वर्षांपूर्वी एका पोराला त्याच्या बापासमोर मारलं होतं. ती दारात उभी होती, तिचं तोंड बघूनही मी थांबलो नाही. तुला तिनं सांगितलंय का नाही मला माहीत नाही. सांगितलं नसेल तर आता मी सांगितलं. विचारलं न् ती नाही म्हणाली, तर ते त्या दिवसाचंच उत्तर असणार, म्हणून मी आईच्या पाठीमागं लपून बसलो होतो.

आयसीयूतून वॉर्डात आणल्यावर ती ड्युटी संपवून युनिफॉर्मवरच आली. मी विचारलं. मंजे, मला किडनी देशील का, असंच विचारलं. नाही म्हणालीस तर आईला मी सांभाळीन, असंही म्हणालो. तिनं माझ्या बाटलीत मोजून पाणी भरलं न् गेली.

नऊ दिवस काही कळवलं नाही. मीही परत विषय काढला नाही. परवाच्या रविवारी घरी आली. आई-आप्पा देवळात गेले होते. गॅलरीच्या दाराला टेकून म्हणाली की दादा, नऊ दिवस मी हो म्हणायची तयारी करत होते, होत नाही. मी बरं म्हणालो. आत्या, खोटं कशाला लिहू, मला होच ऐकायचं होतं. तेजस तिथंच खाली चित्र रंगवत बसला होता.

मग मी दिपेशचं बोललो. जे केलं ते चुकलं, जातीवरून बोललो ते तर फारच चुकलं, असं म्हणालो. हे मला आधीपासून बोलायचं होतं. पण तिचं उत्तर यायच्या आधी बोललो असतो तर ते किडनीसाठी बोलल्यासारखं झालं असतं. ती म्हणाली, सहा वर्षं लागली तुला. मग खाली बसून तेजसचे खडू डबीत भरत राहिली. सगळे भरून झाल्यावर रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिनं ठेवू दिला.

सोमवारी तिनं किडनी देणाऱ्यांशी बोलणाऱ्या हॉस्पिटलच्या बाईंना एकटीनं भेटून सांगितलं. बाईंनी कागदावर 'डोनर योग्य नाही' एवढंच लिहिलं. घरी मी तसंच सांगितलंय. खरं फक्त सुनयनाला माहीत आहे. ती माझ्याशी बोलते, मंजीशी नाही. तिलाही मी काय म्हणू? वेटिंग लिस्टवर माझं नाव घातलंय. दोन जोडप्यांनी आपसात किडनी बदलून द्यायची एक पद्धत असते म्हणे, त्यात सुनयनानं आपलं नाव नोंदवलंय. कधी होईल ते कुणी सांगत नाही.

तू पत्र लिहिलंस म्हणून मी तुझ्यावर रागावलेलो नाही. मंजी अजून रागावलेली आहे. तिचं ती बघेल.

दिवाळीत जमलं तर ये. तुझ्या पाया पडतो.

उदयसिंह


जुईनगर,
२ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

साडेतीन महिने मी तुला लिहिलं नाही. तुझं कार्ड माझ्याजवळ आहे. मी रागावले होते, आणि नंतर राग गेला तरी पहिलं वाक्य सुचेना. दादाने तुला पत्र लिहिल्याचं मला दिवाळीत सांगितलं.

आधी चांगली बातमी. परीक्षा पास झाले. बोलण्याच्या परीक्षेत एक बाई पेशंट होऊन समोर बसतात आणि आपण नर्स. त्या बाईंना इन्सुलिन घ्यायचं नव्हतं. मी काहीही सांगितलं की त्या 'आय वोन्ट' म्हणायच्या. क्लासमध्ये शिकवलं होतं की पेशंटला ठामपणे 'यू विल हॅव टू' म्हणून पटवायचं. माझ्या तोंडून ते निघालंच नाही. मी त्यांना विचारलं, का नको ते मला सांगायची तुमची तयारी आहे का. 'वुड यू बी विलिंग टू टेल मी व्हाय?' त्या खऱ्या पेशंटसारखं बोलायला लागल्या. त्या भागात मला सगळ्यात जास्त गुण आहेत.

आता घरचं. माझी किडनी चालत नाही म्हटल्यावर आईने त्याचा असा अर्थ घेतला की माझ्या किडनीत दोष आहे. एका लेकराचं झालं, आता दुसऱ्याचं. मला फोन करकरून जवाचं पाणी प्यायला लावलं. माझं मीठ बंद केलं. सोसायटीतल्या बायका मला बघून हळू आवाजात बोलायला लागल्या. मला ते सगळं सहन होत होतं, कारण गुन्हा माझा आहे असं वाटायचं. पण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आयर्लंडच्या एजंटचा फोन आला. मेडिकल सर्टिफिकेट नव्याने पाठवा, म्हणाला, तुमच्या आईंनी कळवलंय की तुम्हाला किडनीचा त्रास आहे, एवढ्या लांब पाठवू नका. आईने माझ्या जुन्या फाइलवरून नंबर शोधला होता.

भाऊबीज गुरुवारी आली, दादाच्या डायलिसिसच्या दिवशी. दुपारी तो आल्यावर ओवाळायचं होतं. वहिनी तेजसला घेऊन माहेरी गेली होती. आई ताट तयार करत होती. मी तिला सांगितलं की माझ्या किडनीला काही झालेलं नाही. डॉक्टरांनी नाही, मीच नाही म्हटलं. दादाने मला विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं.

तिने निरांजनात तूप घालायचं थांबवलं नाही. विचारलं, त्याला माहीत आहे? मी हो म्हणाले. ती म्हणाली की मग सगळ्यांनी मिळून मला येडी केली. एवढंच. दादा आला तेव्हा तिने पाट मांडला, रांगोळी काढली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी दादाला ओवाळलं. दोघांनाही जेवण गेलं नाही. आप्पा खुर्चीत बसून होते. त्यांनी फक्त तुझा एकदा उल्लेख केला, म्हणाले, सरस्वतीला कोल्हापूरला जायचं होतं का गं. त्यांना आठवतंय, आत्या. मी म्हटलं, तिलाच विचारा.

आई चार दिवस कुणाशी बोलली नाही. मंगळवारी सकाळी साडी नेसून, पिशवी घेऊन दादाच्या आधी खाली जाऊन रिक्षात बसली. जानेवारीत डायलिसिस सुरू झालं तेव्हापासून ती एकदाही तिथे गेली नव्हती. ऑपरेशन झालं की हे संपणारच, मग बघायचं कशाला, असं तिचं होतं. त्या दिवशी चारही तास बसली. कोणत्या नळीतून रक्त जातं, कोणत्या नळीतून येतं, हे तिथल्या टेक्निशियनला विचारून घेतलं. एसी फार आहे म्हणून त्याच्याशी भांडलीही, असं दादा सांगत होता. मला वाटतं त्याला ते आवडलं.

काल शनिवारी मीही गेले. बाहेरच्या बाकावर आई होती. मला बघून सरकली नाही, मी कडेला टेकले.  मग तिने विचारलं की तू जानेवारीत कधी जाणार. मी दहा तारीख सांगितली. म्हणाली, तुझ्यावर माझा राग आहे, तो जाईल का मला सांगता येत नाही. मी हो म्हटलं. थोड्या वेळाने तिने पिशवीतून तेजसची जुनी वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. सुई काढल्यावर रक्त थांबलं नाही तर काय करायचं, पाय सुजले तर काय, रात्री धाप लागली तर कुठे फोन करायचा, सगळं लिहून दे, म्हणाली. मोठ्या अक्षरात लिही, मला चष्म्यानेही बारीक दिसत नाही.

चार पानं झाली, आत्या. प्रत्येक ओळ लिहून झाली की ती बोट ठेवून मोठ्याने वाचायची आणि मान हलवायची. पायांच्या सुजेवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. तेवढ्यात दादाला बाहेर आणलं. त्याची पट्टी तिने स्वतः दाबून धरली.

डिसेंबरमध्ये तू ये. येशील का, असं विचारतेय. माझ्यावर जीव असू दे.

तुझी,
मंजू